वृद्धसेवा केंद्रातली औषधं संपू नयेत म्हणून: मोजणी, ऑर्डर आणि पुराची तयारी

वृद्धसेवा केंद्रात एखाद्या आजींची गोळी संपते ती बाजारात माल नाही म्हणून, असं फार क्वचित घडतं. बहुतेक वेळा किती गोळ्या उरल्यात हेच कुणी मोजलेलं नसतं. कधी मोजलेलं असतं, पण डॉक्टरांची नवी चिठ्ठी घ्यायची राहिलेली असते. कधी पुण्याचा मुलगा ‘या रविवारी घेऊन येतो’ म्हणालेला असतो आणि त्याचा तो रविवार पुढे गेलेला असतो. मग रात्री साडेनऊला मेडिकलमध्ये फोन येतो, ‘दादा, फिटची गोळी आत्ताच पाहिजे.’

मी औषधविक्रेता आहे आणि कोल्हापुरातल्या अशा केंद्रांना औषधं पुरवतो. ज्या केंद्रांतून हे रात्रीचे फोन येत नाहीत, तिथले लोक काय करतात हे मला रोज दिसतं. त्यांच्याकडे महागडं सॉफ्टवेअर नसतं. एक रजिस्टर असतं, ठरलेला वार असतो आणि या कामाची जबाबदारी नावानिशी एका व्यक्तीवर असते. सगळ्यांनी मिळून बघायचं काम कुणीच बघत नाही, म्हणून पहिली गोष्ट हीच ठरवा: औषधांची जबाबदार सिस्टर कोण, आणि ती रजेवर असेल तेव्हा कोण.

वीस रहिवाशांचं छोटं केंद्र धरा. प्रत्येकाला रोजची सात औषधं असतील तर १४० औषधं झाली, आणि प्रत्येकाची संपायची तारीख वेगळी. कितीही अनुभवी सिस्टर असली तरी हे डोक्यात ठेवणं शक्य नाही. ते कागदावरच आलं पाहिजे.

सुरुवात औषधपत्रकापासून

ऑर्डरची घाई करण्याआधी प्रत्येक रहिवाशाचं एक पान तयार करा. वर पूर्ण नाव, वय, आजार, ॲलर्जी, डॉक्टरांचा आणि जवळच्या नातेवाइकाचा फोन. खाली एकेका औषधासाठी एकेक ओळ: औषधाचं मूळ नाव, कंपनीचं नाव, ताकद किती मिलिग्रॅम, दिवसातून कधी, जेवणाआधी की नंतर, कुणी लिहून दिलं, कोणत्या तारखेला. आणखी एक रकाना लोक विसरतात तो म्हणजे ‘कधी बंद करायचं’. पाच दिवसांची अँटिबायोटिक या रकान्याअभावी पुढच्या महिन्याच्या यादीतही येते आणि मेडिकलवाला निमूटपणे देऊन टाकतो.

मूळ नाव लिहिण्याचा आग्रह धरा. फॅमिली डॉक्टरांनी टेल्मा दिलेली असते आणि हृदयरोगतज्ज्ञांनी टेल्मिकाइंड. दोन्हींत औषध एकच, टेल्मिसार्टन. कंपनीच्या नावांनी यादी केली तर ही दोन वेगळी औषधं वाटतात, दोन्हींची ऑर्डर जाते, दोन्ही दिली जातात आणि आबांचं ब्लडप्रेशर उतरून ते संडासात पडतात. नावापुढची अक्षरंही नीट उतरवा. टेल्मा, टेल्मा-एएम आणि टेल्मा-एच ही तीन वेगळी औषधं आहेत. एएममध्ये ब्लडप्रेशरचंच दुसरं औषध अ‍ॅम्लोडिपिन जोडीला असतं आणि एचमध्ये लघवीचं औषध. एसआर, एक्सएल असं लिहिलेल्या गोळ्या पोटात हळूहळू सुटण्यासाठी बनवलेल्या असतात. त्यांच्याऐवजी साधी गोळी चालत नाही, आणि त्या कुटून तर कधीच देऊ नयेत.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो दवाखान्यातून सुट्टी मिळालेल्या दिवशी. सीपीआर या सरकारी रुग्णालयातून असो वा खासगी हॉस्पिटलमधून, आजी परत येतात त्या नव्या औषधांची पिशवी घेऊन, आणि कपाटात त्यांची जुनी औषधं तशीच असतात. त्याच दिवशी, शिफ्ट बदलायच्या आत, डिस्चार्ज कार्ड आणि जुनं पत्रक शेजारी ठेवून प्रत्येक औषधापुढे ‘चालू’, ‘बंद’ किंवा ‘बदल’ लिहा. शंका राहिली तर डॉक्टरांना फोन करा. अंदाजाने काही लिहू नका. बंद झालेल्या स्ट्रिप्स त्याच दिवशी कपाटातून बाहेर काढा. त्या तिथे राहिल्या तर रात्रपाळीची मावशी सवयीने देणारच, आणि त्यात तिचा दोष नाही.

मोजायची ती गोळी

‘तीन स्ट्रिप आहेत’ या वाक्यातून काहीही कळत नाही. कमी ताकदीच्या ॲस्पिरिनची स्ट्रिप १४ गोळ्यांची मिळते, ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची १० ची, १५ ची किंवा ३० ची, मधुमेहाच्या मेटफॉर्मिनची १० ची, १५ ची किंवा २० ची. आज प्रत्येकाची एकेक स्ट्रिप आणली आणि मेटफॉर्मिन दिवसातून दोनदा असेल, तर दहाची स्ट्रिप पाचव्या दिवशी संपते आणि ॲस्पिरिन दोन आठवडे टिकते. म्हणून मोजताना गोळ्या मोजा आणि लगेच दिवसांत लिहा: ‘मेटफॉर्मिन २२ गोळ्या, ११ दिवस’. दिवसांत लिहिलं की कुठलं औषध धोक्यात आहे ते नजरेला दिसतं. अर्धी गोळी चालू असेल तर तुटून वाया जाणारी एखादी गोळीही हिशोबात धरा.

बाटलीतून येणाऱ्या गोळ्यांकडे विशेष लक्ष द्या. थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली बहुधा शंभर किंवा त्याहून जास्त गोळ्यांची असते, ती तीन-चार महिने चालते, अपारदर्शक असते आणि हलवली की खुळखुळते. त्यामुळे ती ‘आहे की अजून’ या सदरात राहते आणि एक दिवस अचानक रिकामी होते. महिन्यातून एकदा ती स्वच्छ, कोरड्या ताटलीत ओतून मोजा आणि झाकण लगेच घट्ट लावा.

मोजणीचा वार ठरवा आणि तो बदलू नका. मी महिन्याऐवजी २८ दिवसांची फेरी सुचवतो. कॅलेंडरचा महिना कधी ३० चा, कधी ३१ चा, त्यामुळे ऑर्डरचा वार सरकत राहतो आणि कधी रविवारी येतो, कधी ऐन सणात. २८ दिवस म्हणजे बरोबर चार आठवडे, वार तोच राहतो. रोज एक गोळी असलेल्या औषधाच्या २८ लागतात, दोन असलेल्याच्या ५६. मेटफॉर्मिनच्या दहाच्या सहा स्ट्रिप मागवल्या तर चार गोळ्या उरतात, पुढच्या फेरीला आठ उरतात, आणि तिसऱ्या फेरीला पाच स्ट्रिपच पुरतात. उरलेल्या गोळ्या वजा न करता दर वेळी सहा-सहा मागवत राहिलं की वर्षभरात कपाटात कालबाह्य गोळ्यांचा ढीग साठतो आणि नातेवाइकांचे पैसे मातीत जातात.

किती उरल्यावर ऑर्डर

हिशोब साधा आहे. रोजच्या गोळ्या गुणिले (माल यायला लागणारे दिवस अधिक हाताशी ठेवायचे दिवस). मेटफॉर्मिन रोज दोन, मेडिकलमधून यायला जास्तीत जास्त तीन दिवस, हाताशी सात दिवसांचा साठा: २ गुणिले १०, म्हणजे वीस. वीस गोळ्या उरल्या की ऑर्डर गेलीच पाहिजे. पार्किन्सन्सचं एखादं औषध जवळच्या दुकानात नसतं, मागवून घ्यावं लागतं. ते रोज तीन वेळा असेल, यायला सात दिवस धरले आणि हाताशी दहा दिवसांचा साठा ठेवला, तर आकडा ५१ होतो. हा आकडा पत्रकावर त्या औषधाच्या ओळीतच लाल पेनाने लिहून ठेवा, म्हणजे मोजणाऱ्याला डोकं चालवावं लागत नाही. डोस बदलला की आकडाही बदला.

सगळ्या औषधांना सारखाच राखीव साठा नको. काही औषधं अचानक बंद झाली तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं: इन्सुलिन, फिटची औषधं, पार्किन्सन्सची औषधं, स्टेरॉइड, ब्लडप्रेशरसाठीचं क्लोनिडिन, मेटोप्रोलोलसारखी हृदयाची औषधं, रक्त पातळ ठेवणारी औषधं. नैराश्याच्या आणि झोपेच्या गोळ्याही एकदम थांबल्या तर त्रास होतो. अशा औषधांपुढे पत्रकावर चांदणी काढा आणि त्यांचा साठा कधीही दहा दिवसांखाली जाऊ देऊ नका. कॅल्शियम, व्हिटॅमिनला इतकी काळजी लागत नाही.

इन्सुलिनचा हिशोब सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून तो जरा सावकाश बघू. आपल्याकडे १० मिलिलिटरची बाटली साधारणपणे ४० युनिट प्रति मिलिलिटरची असते, म्हणजे बाटलीत ४०० युनिट. पेन आणि काडतुसं १०० युनिट प्रति मिलिलिटरची. ३ मिलिलिटरच्या पेनमध्ये ३०० युनिट. आबांना सकाळी १४ आणि रात्री १० असे २४ युनिट लागतात, तर पेन साडेबारा दिवस जाईल असं वाटतं. पण प्रत्येक इंजेक्शनआधी सुई तपासायला दोन युनिट सोडावे लागतात. मग रोजचे २८ झाले आणि पेन अकराव्या दिवशीच संपतं. उलट ज्या आजींना रोज फक्त आठ युनिट लागतात, त्यांची बाटली कागदावर ५० दिवस चालते, पण उघडलेली बाटली बहुतेक इन्सुलिनच्या बाबतीत २८ दिवसांनंतर टाकायची असते. त्यांना दर फेरीला नवी बाटली लागणार, जुनीत कितीही शिल्लक असो. बाटली उघडल्याचा दिवस तिच्यावरच मार्करने लिहा. सिरिंजही बाटलीला जुळणारीच मागवा: ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी केशरी. ही अदलाबदल झाली तर डोस अडीचपट चुकतो, म्हणून ऑर्डरमध्ये सिरिंजचा रंग लिहायची सवय लावा. पेनच्या सुया, शुगर तपासायच्या पट्ट्या आणि बोट टोचायच्या लॅन्सेट याच ऑर्डरमध्ये घ्या.

डोळ्यांच्या थेंबांचंही असंच आहे. बाटली उघडून महिना झाला की उरलेलं औषध टाकायचं, त्यामुळे काचबिंदूच्या थेंबांची ऑर्डर फेरीप्रमाणेच जाते.

गरजेनुसार द्यायची औषधं, म्हणजे पॅरासिटामॉल, पोट साफ होण्याचं औषध, ओआरएस, यांना रोजचा वापर नसतो. त्यांच्यासाठी किमान आकडा ठरवा आणि तो गाठला की मागवा. एखाद्याची ‘गरजेनुसार’ची गोळी दर फेरीला संपायला लागली तर मात्र निमूटपणे ऑर्डर वाढवू नका. आजींना रोज दुखतंय हे त्या रजिस्टरमधून कळतंय, डॉक्टरांना सांगा.

फेरीचा आठवडा

मुख्य ऑर्डर फेरीच्या तिसऱ्या आठवड्यात जावी, म्हणजे हातात अजून दहा-बारा दिवसांचा माल असतो आणि काही अडलं तर सावरायला वेळ मिळतो. सोमवारी मोजणी. मंगळवारी चिठ्ठ्या: कुणाची जुनी झाली, कुणाला डॉक्टरांना दाखवायचं आहे, कुणाची रक्ततपासणी बाकी आहे. बुधवारी मेडिकलला ऑर्डर, शुक्रवारपर्यंत माल, शनिवारी तपासणी. याशिवाय दर सोमवारी चांदणीच्या औषधांवर पाच मिनिटं नजर टाकायची, फेरी कुठल्याही आठवड्यात असो.

चिठ्ठ्यांचा दिवस वेगळा ठेवला आहे, कारण खरा वेळ तिथेच जातो. शेड्यूल एच आणि एच-१ या कायद्यातल्या याद्यांमधली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल ही एच-१ मध्ये येतात. ती देताना आम्हाला डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि प्रमाण वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. त्यामुळे ‘एकाच्या चिठ्ठीवर तिघांच्या झोपेच्या गोळ्या द्या’ असं कृपया सांगू नका. प्रत्येकाची चिठ्ठी त्याच्या नावाची हवी, आणि ती मिळवायला आठ-दहा दिवस आधी सुरुवात हवी. डॉक्टर गावाला जातात, त्यांची ओपीडी बंद असते, हे धरूनच चाला. रक्त पातळ ठेवणारं वॉरफॅरिन घेणाऱ्यांचा डोस आयएनआर या रक्ततपासणीच्या रिपोर्टवर ठरतो, तेव्हा रिपोर्टच्या आधी महिन्याभराचा माल घेऊन ठेवू नका. डोस बदलला की वेगळ्या ताकदीच्या गोळ्या लागतात.

ऑर्डर लेखी द्या, व्हॉट्सॲपवर दिली तरी चालेल. व्हॉइस नोट नको, आणि ‘गेल्या महिन्यासारखंच’ हे तर मुळीच नको. गेल्या महिन्यानंतर डॉक्टरांनी काय बदललं ते मला दुकानात बसून कळत नाही. आम्हाला उपयोगी पडणारी ओळ अशी असते:

‘खोली ४, आजींचं पूर्ण नाव. लिव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, कंपनी नेहमीचीच. रोज १. हातात ११. हवी १ बाटली. चिठ्ठीचा फोटो सोबत.’

‘हातात किती’ हा आकडा बहुतेक जण गाळतात, पण आमच्यासाठी तोच सगळ्यात मोलाचा. दोन केंद्रांकडून एकाच दुर्मीळ औषधाची मागणी आली आणि माझ्याकडे एकच डबा असला, तर आधी कुठे पाठवायचा ते त्या आकड्यावरून ठरवता येतं. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम मात्र अक्षरात लिहा.

आमच्याकडून उलट फोन आला, ‘सिस्टर, ती कंपनी नाही, दुसरी देऊ का?’ तर लगेच ‘द्या’ म्हणू नका. शेड्यूल एच आणि एक्समधल्या औषधांऐवजी परस्पर दुसरं द्यायची परवानगी कायदा दुकानदाराला देत नाही, विचारणं डॉक्टरांनाच हवं. थायरॉइड, फिट आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफॅरिनच्या बाबतीत कंपनी वारंवार बदलली तर रक्तातलं प्रमाण हलू शकतं. तिथे एकच कंपनी धरून ठेवा. जनऔषधी केंद्रातून जेनेरिक घेतल्याने खर्च खरोखर खूप उतरतो, आणि ज्या घरांना हा खर्च जड जातो त्यांना मी स्वतः तिकडे पाठवतो. पण हा बदल डॉक्टरांशी बोलून एकदाच करा आणि मग तिथेच राहा. एक महिना हे, एक महिना ते, असं नको.

माल आल्यावर

पिशवी तशीच कपाटात जाऊ देऊ नका. ऑर्डर, बिल आणि पत्रक हे तिन्ही समोर ठेवून एकेक औषध जुळवा: नाव, ताकद, संख्या, मुदत. स्ट्रिपवर ‘०३/२०२७’ असेल तर ते औषध मार्च २०२७ च्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. बिलावरचा बॅच क्रमांक स्ट्रिपशी जुळतो का ते पाहा. ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. शंका आली तर मोबाइलने तपासता येतो. आम्ही स्ट्रिप कापून दिली तर मुदत आणि बॅच छापलेला तुकडा तुमच्याकडे आला पाहिजे, तो मागून घ्या. आणि गोळ्या वापरताना ज्या टोकाला मुदत छापली आहे ते टोक शेवटी फोडा.

ज्याची मुदत आधी संपते ते पुढे, नंतर संपणारं मागे. प्रत्येक रहिवाशाची वेगळी टोपली, त्यावर नाव आणि फोटो.

कपाट स्वयंपाकघरात किंवा बाथरूमशेजारी नको. आपला पावसाळा लांबतो, भिंतींना ओल येते, आणि ओलीने गोळ्या विरघळून चिकटतात. फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट तर हवेतली ओल ओढून घेतं. आठवड्याच्या खणांच्या डब्यात गोळ्या काढून ठेवायची पद्धत सोयीची आहे, पण अशा गोळ्या स्ट्रिपमध्येच ठेवून डब्यावर ‘स्ट्रिपमधून द्या’ अशी चिठ्ठी लावा.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत. दारात नको, कारण दार उघड-मीट होताना तापमान खालीवर होतं. फ्रीझरला चिकटूनही नको, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच. थोडे पैसे वाचवण्याच्या नादात थर्मामीटर टाळू नका. सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा.

हिशोब जुळतो का

मोजणीचा दुसरा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. गेल्या सोमवारी ५० होत्या, सात दिवसांत १४ गेल्या पाहिजेत, तर ३६ उरायला हव्यात. ४० उरल्या तर चार डोस दिलेच गेले नाहीत, सह्या कितीही व्यवस्थित असोत. ३२ उरल्या तर कुणी जास्त दिल्या, सांडल्या किंवा उसन्या दिल्या. झोपेच्या आणि तीव्र वेदनेच्या गोळ्यांची मोजणी तर रोज, शिफ्ट बदलताना, दोघींच्या समोर व्हावी आणि त्या कुलपात राहाव्यात.

फरक दिसला की कुणाला रागावण्याआधी विचारा. गोळी कडू लागते म्हणून आजी ती उशीखाली ठेवतात. आबांना गिळताना ठसका लागतो म्हणून ते नको म्हणतात. ‘आबा, जेवलासा का?’ असं प्रेमाने विचारत शेजारी बसणाऱ्या मावशीला हे सगळं माहीत असतं, फक्त तिला कुणी विचारत नाही. नाकारलेल्या गोळीची नोंद पत्रकावर झाली की डॉक्टर तिच्याऐवजी सिरप देऊ शकतात, वेळ बदलू शकतात.

आणि उसनवारी नको. ‘खोली सहाच्या काकूंची तीच गोळी आहे, त्यांची देऊ, उद्या आली की परत ठेवू.’ यात दोघांचेही हिशोब मोडतात. शिवाय त्या गोळीची ताकद तीच आहे हे घाईत कुणी पाहत नाही. काकूंची औषधं काकूंच्या पैशांची आहेत, त्यांच्याच नावाची आहेत.

नातेवाईक

मुलगा पुण्याहून, मुलगी मुंबईहून औषधं आणते, यात प्रेम आहे आणि ते थांबवायचं कारण नाही. फक्त प्रवेशाच्या वेळीच लेखी सांगा: आणलेलं प्रत्येक औषध आधी सिस्टरच्या टेबलावर येईल, पत्रकाशी जुळेल, मग टोपलीत जाईल. यात काढा, चूर्ण, गुडघ्याचं तेल हेही आलं. नातेवाईक औषध आणणार असतील तर त्यांना आपल्या फेरीची तारीख द्या आणि ‘फेरीच्या आठ दिवस आधीपर्यंत आलं नाही तर आम्ही इथून घेऊ आणि बिल पाठवू’ याला त्यांची संमती घेऊन ठेवा. हे एक वाक्य पुढची किती भांडणं वाचवतं!

जून उजाडायच्या आत

कोल्हापुरात औषधांचा साठा पंचगंगा नदीकडे बघून ठेवावा लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावरची तिची पातळी ५५ फुटांच्या वर गेली, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला. महामार्ग बंद म्हणजे बाहेरून येणारा माल बंद. २०१९ मध्ये तर पेट्रोलही अत्यावश्यक वाहनांपुरतंच मिळत होतं, त्यामुळे दुकानात औषध असूनही ते पोहोचवायची पंचाईत होती.

म्हणून जून ते सप्टेंबर या काळात राखीव साठ्याचे दिवस वाढवा. चांदणीच्या औषधांसाठी हाताशी २१ दिवस, बाकीच्यांसाठी १४. वर दिलेल्या हिशोबात एवढाच आकडा बदलायचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या चिठ्ठ्या ताज्या करून घ्या, कारण पुरात डॉक्टरही आपल्या घरी अडकतात.

मग पातळीला बांधलेले नियम लिहून भिंतीवर लावा. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की मोजणी, वार कोणताही असो. ३९ फुटांना जे औषध १४ दिवसांपेक्षा कमी आहे त्याची ऑर्डर त्याच दिवशी, आणि शक्य तर माल स्वतः जाऊन आणा. केंद्र नदीच्या बाजूला, म्हणजे दुधाळी, शाहूपुरीचा सखल भाग, कसबा बावडा अशा ठिकाणी असेल तर ४३ ची वाट न पाहता औषधांचं कपाट वरच्या मजल्यावर हलवा. प्रत्येक रहिवाशासाठी बंद होणारी प्लास्टिकची पिशवी तयार ठेवा: सात दिवसांची औषधं, पत्रकाची प्रत, चिठ्ठीची प्रत, नातेवाइकाचा फोन. सगळ्यांना हलवायची वेळ आली तर माणूस आणि त्याची औषधं एकाच गाडीतून जायला हवीत. पत्रकांचे फोटो दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये असू द्या, पण मोबाइल बंद पडतात, म्हणून कागदही हवा.

वीज गेली तर फ्रिज उगाच उघडू नका. बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या असतील तर इन्सुलिन जाड फडक्यात गुंडाळा, त्याचा बर्फाला स्पर्श होता कामा नये. फार घाबरूही नका. पावसाळ्यात आपल्याकडची हवा थंड असते, आणि बहुतेक इन्सुलिन ३० अंशांखाली फ्रिजबाहेर चार आठवडे टिकतं. बाहेर काढल्याची तारीख लिहा, वेष्टनावरच्या सूचना पाहा आणि तेवढ्या दिवसांत वापरा. खरी कसोटी एप्रिल-मेमध्ये लागते. तेव्हा वीज जात असेल तर ओल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा डबीत ठेवलेलं इन्सुलिन चांगलं राहतं. कोरड्या हवेत मडकं छान गार होतं. पावसाळ्याच्या दमट हवेत तेवढं होत नाही.

सणांचे दिवसही कॅलेंडरवर आधीच खुणावून ठेवा. गणेश विसर्जनाला महाद्वार रोड आणि आसपासचा भाग दुसऱ्या दिवसापर्यंत बंद असतो, नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती गाडी शिरत नाही, दिवाळीत होलसेलची दुकानं बंद राहतात. त्या आठवड्यात येणारी फेरी एक आठवडा अलीकडे घ्या.

उरलेली आणि मुदत संपलेली

रहिवासी घरी गेले तर औषधं त्यांच्यासोबत, यादीसह आणि सहीसह. रहिवासी वारले तर ती औषधं त्याच दिवशी बाजूला काढून मोजा, नोंद करा आणि नातेवाइकांशी सवडीने बोला. ती दुसऱ्याच्या टोपलीत जाऊ नयेत. मुदत संपलेली औषधं संडासात किंवा कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार ती पिवळ्या पिशवीत जातात. तुमच्याकडे ती सोय नसेल तर ज्या हॉस्पिटलशी तुमचा संबंध आहे त्यांच्यामार्फत द्या. सुया जाड, भोक न पडणाऱ्या डब्यात.

एवढं करूनही संपलंच तर

आधी पत्रकावर चांदणी आहे का ते पाहा. कोलेस्टेरॉलची किंवा कॅल्शियमची गोळी सकाळपर्यंत थांबू शकते. इन्सुलिन, फिटचं, पार्किन्सन्सचं, स्टेरॉइडचं असं चांदणीचं कुठलंही औषध असेल तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा. मोठ्या हॉस्पिटलांच्या आवारातली किंवा शेजारची मेडिकल रात्रभर उघडी असतात. अशा दोन-तीन दुकानांचे नंबर फोनजवळ लिहून ठेवलेले असावेत. निघताना चिठ्ठी आणि रिकामी स्ट्रिप सोबत न्या. तेच औषध मिळालं नाही तर काउंटरवरूनच डॉक्टरांना फोन लावून पर्याय विचारा आणि दुकानदाराशी त्यांचं बोलणं करून द्या. राहिलेला डोस भरून काढायला पुढच्या वेळी दोन गोळ्या देऊ नका. कोणता डोस किती वाजता चुकला, डॉक्टर काय म्हणाले, औषध किती वाजता मिळालं हे पत्रकावर लिहा, आणि नातेवाइकांना त्याच रात्री फोन करून सांगा.